पिस्तुलाची दोन हातांची पकड: सुरुवातीला एवढंच बघा

गोळ्या डावीकडे खाली जातात म्हणून साइट (नेम धरायची खूण) फिरवत बसू नका. उजव्या हाताच्या नवशिक्यांचं हे नेहमीचं दुखणं. बहुतेक वेळा गडबड पकडीत आणि ट्रिगरवरच्या बोटात असते, आणि ती सुधारते.

आधी उजवा हात. पिस्तुलाची मूठ जमेल तितकी वरच्या टोकाला धरा; अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मागच्या बाजूला घट्ट बसली पाहिजे, फट नको. मग मुठीवर उरलेली मोकळी जागा डाव्या तळहाताने भरून काढा. डावी बोटं उजव्या बोटांवर, डावी तर्जनी ट्रिगर गार्डला (ट्रिगरभोवतीच्या कडीला) खालून टेकलेली, दोन्ही अंगठे पुढे. जोर डाव्या हाताचा जास्त. उजवा आवळलात की ट्रिगरचं बोटही आखडतं, आणि तिथेच नेम जातो.

हे टाळा:
- डावा अंगठा स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे आडवा टाकणं. स्लाइड मागे आली की कातडी सोलते. ही सवय आजच सोडा.
- डावा तळहात बशीसारखा खाली धरणं. झटका आवरायला त्याचा काही उपयोग नाही.
- प्रत्येक गोळीनंतर पकड सावरणं. सावरावी लागते म्हणजे ती मुळातच सैल आहे.

घरी सराव करताना मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग सुरक्षित दिशेला ड्राय फायर करा, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबा, आणि ट्रिगर सुटताना पुढची साइट हलते का तेवढंच बघा. कोपर, खांदे वगैरे नंतर.

(10 मीटर एअर पिस्तूल एकाच हाताने मारतात; तिथे यातलं फारसं लागू नाही.)