वय 12, जन्मसाल 1999

प्रश्न : ताई, माझी मुलगी 12 वर्षांची आहे. सुट्टीत तिने माझ्याच फोनवर गुपचूप एका व्हिडिओच्या अ‍ॅपवर अकाउंट काढलं. जन्मतारीख विचारली तर बोटाने चाक फिरवत फिरवत 1999 वर थांबवलं, झालं काम. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. एक माणूस रोज रात्री 'हाय डिअर' करायचा, नंतर 'फोटो पाठव ना, मम्मीला सांगू नको' इथपर्यंत गेला. मी रिपोर्ट केलं तर दोन दिवसांनी उत्तर आलं की आम्ही तपासलं, नियमांचा भंग आढळला नाही. आणि घरात सगळे मलाच बोलतायत, फोन दिलासच कशाला. कंपनीची काहीच जबाबदारी नाही का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी एक काम. चॅट डिलीट करू नका आणि त्या माणसाला लगेच ब्लॉकही करू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, त्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. मग सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करा, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही करता येते. बारा वर्षांच्या मुलीकडे असे फोटो मागणं हा पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा विषय आहे, त्यामुळे पोलीस स्टेशनला जायला बिचकू नका. मुलगी घाबरली असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि तिला रागवू नका प्लीज, ती पुढच्या वेळी सांगायचीच बंद होईल.

आता तुमचा खरा प्रश्न. फोन देणं ही चूक असेल तर ती अर्ध्या महाराष्ट्राची आहे, लॉकडाउनमध्ये शाळाच फोनवर भरत होती. पण बघा ना, दारू विकणाऱ्याला वय बघावं लागतं आणि इथे चाक फिरवलं की तुम्ही पंचविशीच्या. बऱ्याच अ‍ॅपवर आता अल्पवयीन मुलांना अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही अशी सोय आहे, पण 1999 लिहिलं की ती सोय गेलीच, कंपनीच्या लेखी तुमची लेक मोठी बाई. 13 वर्षांच्या आत अकाउंट नाही हा अ‍ॅपवरचा नियमसुद्धा मूळचा अमेरिकेतल्या 1998 च्या कायद्यातून आलाय, आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा तर 18 च्या आतल्या सगळ्यांना मूलच मानतो. त्यात आईवडिलांची पडताळता येईल अशी परवानगी हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत आणि मोडलं तर 200 कोटींपर्यंत दंड असं लिहिलंय. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण या अटी लागू व्हायला 18 महिने दिलेत, म्हणजे 2027 उजाडणार. मला विचाराल तर परवानगीवाला भाग जरा कच्चाच वाटतो, कारण ओटीपी आईच्या फोनवर येणार आणि आईचा फोन कुणाच्या हातात असतो ते तुम्हीच सांगितलंत. पाळत बंद करायची अट मात्र खरी कामाची आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. आयटी नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्याचं नाव आणि ईमेल अ‍ॅपवर किंवा साइटवर द्यावं लागतं (शोधायला दहा ठिकाणी क्लिक करावं लागतं तो भाग वेगळा). अ‍ॅपमधलं रिपोर्टचं बटण दाबून थांबू नका, या अधिकाऱ्याला लेखी पाठवा, मुलीचं खरं वय लिहा. तिथूनही तेच उत्तर आलं तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, सगळं ऑनलाइन, वकील लागत नाही. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

आणि घरच्यांना हे सांगा. लंडनची मॉली रसेल, 14 वर्षांची, 2017 मध्ये गेली. तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने 2022 मध्ये स्पष्ट म्हटलं की सोशल मीडियावरच्या मजकुराचा त्यात हातभार होता. त्या मजकुरातला काही तर तिने शोधलाही नव्हता, अ‍ॅपच पुढे पुढे करत होतं. तिचे वडील वर्षानुवर्षं मागे लागले. पुढे 2023 मध्ये ब्रिटनने ऑनलाइन सुरक्षेचा कायदा केला, त्यात जगभरातल्या उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड आहे. तिथे प्रश्न कंपनीला विचारला गेला, फोन कुणी दिला ते नाही.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. इथे 16 च्या आतल्यांची सोशल मीडियाची अकाउंट कायद्याने बंद झाली, मुलगा 14 चा आहे, तो आता लॉगिन न करता यूट्यूब बघतो. आम्हाला दंड होईल का?

उत्तर : नाही हो. 10 डिसेंबर 2025 पासूनच्या त्या कायद्यात मुलांना दंड नाही, पालकांनाही नाही. दंड कंपनीलाच, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. बंदी अकाउंटवर आहे, लॉगिनशिवाय बघण्यावर नाही. उद्या त्याने आजीच्या नावाने नवीन खातं काढलं तर ते शोधायची जबाबदारीसुद्धा कंपनीची. आजीला मात्र आधीच सांगून ठेवा.