कोल्हापूरचे दिवाण मुंबईचे अर्थमंत्री कसे झाले?

प्रश्न : घरातील जुन्या ट्रंकेत आजोबांनी जपून ठेवलेली एका सत्कार समारंभाची छापील निमंत्रणपत्रिका सापडली. तिच्यावर ‘नामदार अण्णासाहेब लठ्ठे, अर्थमंत्री, मुंबई सरकार’ असे छापले आहे. कोपरा वाळवीने खाल्ल्यामुळे सन वाचता येत नाही. लठ्ठे हे कोल्हापूरचे दिवाण होते, एवढेच आम्ही ऐकून आहोत. कोल्हापूर तर संस्थान होते. मग ते मुंबई प्रांताचे मंत्री कसे झाले?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तोपर्यंत येथील रयतेला मुंबईच्या कायदेमंडळासाठी मतदानाचा हक्कच नव्हता, त्यामुळे लठ्ठे यांना निवडून दिले ते तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मतदारांनी.

अण्णा बाबाजी लठ्ठे (1878–1950) मूळचे कुरुंदवाडचे. राजाराम कॉलेजात ते इंग्रजी शिकवीत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आणि येथील जैन बोर्डिंगच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. 1914 मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्यात लठ्ठे यांचे नाव गोवले गेले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊराव पाटलांचा, म्हणजे पुढच्या कर्मवीरांचा, अतोनात छळ झाला. तरीही भाऊराव बधले नाहीत. लठ्ठे यांनी कोल्हापूर सोडले, बेळगावात वकिली सुरू केली आणि ब्राह्मणेतर चळवळीतील एक अग्रणी म्हणून ते प्रांतभर ओळखले जाऊ लागले. पुढे शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले आणि राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते याच दरबारचे दिवाण झाले. ज्या गावातून मनस्ताप घेऊन जावे लागले, त्याच गावाचा कारभार त्यांनी मनात अढी न ठेवता हाती घेतला, याचे मला फार मोल वाटते.

1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि 1937 च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबईच्या विधानसभेत 175 जागा होत्या. मताचा हक्क मात्र कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटींत बसणाऱ्यांनाच होता. तोवर काँग्रेसमध्ये आलेले लठ्ठे निवडून आले आणि जुलै 1937 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. खेरांना तेव्हा पंतप्रधान म्हणत, कारण प्रांताच्या प्रमुखाचे तेच पदनाम होते. काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे मंत्र्यांचा पगार दरमहा 500 रुपये होता.

लठ्ठे यांच्या कामाची खरी कसोटी दारूबंदीने पाहिली. दारूबंदी हा काँग्रेसचा शब्द होता, पण अबकारी ही प्रांताच्या तिजोरीची मोठी मिळकत होती. अहमदाबादेत 1938 मध्ये आणि मुंबई शहरात 1 ऑगस्ट 1939 पासून बंदी लागू झाली. धोरण जाहीर करण्याचे श्रेय मंत्रिमंडळाला मिळाले. बुडालेला महसूल भरून काढण्याची जोखीम मात्र अर्थखात्यावर आली. शेतसारा वाढवणे शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्या पक्षाला शोभले नसते. त्यामुळे शहरांतील स्थावर मिळकतीवर नवा कर बसवण्यात आला आणि मुंबईतील घरमालकांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्यांच्याकडे देण्याची ऐपत होती त्यांच्याकडेच मागण्याचा हा निर्णय मला योग्य वाटतो. नवा कर सभागृहात उभे राहून मांडणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला सोपे नसते, आणि लठ्ठे यांचा हा भाग आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो. दिवाण म्हणून ते महाराजांना जबाबदार होते. मंत्री म्हणून ते मतदारांना जबाबदार होते.

हिंदुस्थानला न विचारता महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि नोव्हेंबर 1939 च्या आरंभी खेर मंत्रिमंडळही पायउतार झाले. म्हणजे अर्थमंत्रिपद सव्वादोन वर्षांच्या आसपास टिकले. आपल्या पत्रिकेवर ‘माजी’ हा शब्द नसेल, तर ती जुलै 1937 ते नोव्हेंबर 1939 या काळातीलच असणार. पत्रिकेत दारूबंदीचा उल्लेख असल्यास अवश्य कळवावा. काळ आणखी नेमका ठरवता येईल. तोवर ती लॅमिनेट करू नये, चिकटपट्टीही लावू नये. साध्या कोऱ्या कागदात घडी न घालता ठेवावी आणि शक्य झाल्यास शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखवावी.