मुली गळतात तेव्हा आधी हात मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. शाळा सुटल्यावरचा रोबोटिक्स क्लब, पहिल्या आठवड्यात १८ मुली, तिसऱ्या महिन्यात ४, आणि शेवटी तुमचा प्रश्न: ‘मुलींना यात मुळात रसच नसतो का?’ क्लबच्या दुसऱ्या वर्षी मीही हेच विचारत होते, जवळजवळ याच शब्दांत. उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते मला फार उशिरा कळलं आणि तोवर बऱ्याच मुली निघून गेल्या होत्या.

आधीच सांगते, मी शिक्षणतज्ज्ञ नाही. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, नोकरी सांभाळून आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लब घेते, त्याला नऊ वर्षं झाली. माझा अनुभव दहा ते चौदा वयाच्या मुलामुलींचा. त्याहून लहान किंवा मोठ्यांना हे तसंच्या तसं लागू पडेल असा माझा दावा नाही. किट कोणतं घ्यावं, प्रोग्रॅमिंग कशात शिकवावं, यात मी शिरत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.

माझी चूक कोणती, ते सांगते. मी चार-चारांचे मिश्र गट केले आणि कामं आपापसात वाटून घ्यायला सांगितली. मुलांना मोकळीक द्यावी, असा विचार. व्हायचं ते झालं. ज्यांनी घरी स्क्रू ड्रायव्हर हाताळला होता त्यांनी तो उचलला, आणि ते बहुतेक मुलगे होते. ‘तुझं अक्षर छान आहे, तू नोंदी ठेव,’ असं म्हणत वही मुलीकडे गेली. कुणी दादागिरी केली नाही, कुणी कुणाला हिणवलं नाही, त्यामुळे मला काही खटकलंही नाही. उलट त्या वह्या पाहून मी खूश व्हायचे, इतक्या नीटनेटक्या असायच्या!

वर्षअखेरीला पालकांना दाखवायला फोटो निवडत होते. आमच्याकडे दोन प्रकारचे फोटो होते. एक, आम्हाला निधी देणाऱ्या कार्यालयाला पाठवलेले. त्यात प्रत्येक मुलीच्या हातात रोबोट, चेहऱ्यावर हसू. दुसरे, एका स्वयंसेवकाने काम चालू असताना सहज काढलेले. त्या दुसऱ्या ढिगाऱ्यात मुली फळ्याजवळ होत्या, वहीपाशी होत्या, पोस्टर रंगवत होत्या, बॅटरीचा डबा धरून उभ्या होत्या. सोल्डरिंग आयर्न (तारा जोडायचं तापतं अवजार) हातात असलेली एकही मुलगी मला त्यात सापडली नाही. वर्षभर मी त्याच खोलीत होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

मग क्लब सोडून गेलेल्या एका मुलीला मी गाठलं आणि का सोडलंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, ‘ताई, लिहायचंच होतं तर मी वर्गात बसलेच होते की.’ या वाक्याने मला अनेक रात्री झोपू दिलं नाही.

त्या कार्यालयाबद्दलही थोडं बोलते, कारण तुमच्याही मागे असं कुणी असेल. त्यांना दर तिमाहीला दोनच गोष्टी हव्या असत: किती मुलींची नावं नोंदवली, आणि मुली पुढे दिसतील असे फोटो. किती टिकल्या, हे अर्जात विचारलेलंच नव्हतं. गळतीचा रकाना जोडा, अशी विनंती मी तीनदा लेखी केली. उत्तर आलं की नमुना ठरलेला आहे, बदलता येणार नाही. म्हणून मग फोटोच्या दिवशी मुलगे बाजूला आणि मुलींच्या हातात रोबोट, हे मीच करवून घेत होते. पाच मिनिटांनी तो रोबोट परत ज्याचा त्याच्याकडे. मुलींना ते कळत नसेल असं मला आजही वाटत नाही. एनिॲक या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या संगणकाचे १९४६ चे फोटो पाहा. त्यात यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायका म्हणजे जाहिरातीसाठी उभ्या केलेल्या मॉडेल, असं लोक कित्येक दशकं समजत होते. प्रत्यक्षात ते यंत्र ज्या सहा जणींनी प्रोग्रॅम केलं, त्यांच्यातल्या होत्या त्या. आमच्याकडे बरोबर उलटा प्रकार चालला होता: फोटोत यंत्र मुलीच्या हाती, कामात नाही. याचा मला अजून राग येतो, त्या कार्यालयाचाही आणि माझाही.

तिसऱ्या वर्षी गट मोडले. दोघांची जोडी, आणि जोडी अनुभवाची पातळी पाहून. ज्यांनी आधी काही जोडलं-उघडलं आहे ते एकमेकांबरोबर, पहिल्यांदाच ब्रेडबोर्ड (सर्किट जोडून पाहायची भोकांची पाटी) पाहणारे एकमेकांबरोबर. मुलगा-मुलगी हा निकषच नाही. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने संगणकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम असाच पूर्वानुभवानुसार विभागला, म्हणजे आधीपासून कोडिंग येणाऱ्यांच्या बडबडीने नवख्यांचा धीर सुटू नये. बरोबरीने आणखीही बदल केले होते, पण तिथे या विषयातल्या मुलींचं प्रमाण २००६ च्या सुमाराच्या साधारण १० टक्क्यांवरून काही वर्षांत ४० टक्क्यांच्या घरात गेलं. आमचे आकडे छोटे आहेत, त्यांची तुलना करणार नाही. पण जोड्या केल्यावर ‘तुला येत नाही, दे इकडे’ हे वाक्य खोलीतून जवळजवळ नाहीसं झालं.

दुसरं, टायमर. दर बारा मिनिटांनी अवजार आणि वही यांची अदलाबदल. घंटी वाजली की काम अर्धवट असलं तरी हात बदलायचे. मुलं कुरकुरतात, पहिले दोन आठवडे जास्तच. अजिबात माघार घेऊ नका.

तिसरा नियम मोठ्यांसाठी: हात मागे. मदतनिसांनी मुलांच्या सर्किटला हात लावायचा नाही, बोलायचं फक्त. हा सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एकदा अकरा वर्षांची एक मुलगी गाडीचं पुढचं चाक वळवायला सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) जोडत होती. मोटर फिरायला लागली की गाडी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मला कारण दिसत होतं, मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि बोर्डाचं व्होल्टेज खाली येतं. मी पाठीमागे हात बांधून उभी. तिने मोटरची वायर काढली, बोर्ड शांत. पुन्हा लावली, बोर्ड बंद. चार-पाचदा हेच करून ती मोटरसाठी वेगळी बॅटरी मागायला आली. ती लावली तर बोर्ड नीट चालला, पण मोटर नुसती थरथरायला लागली. अर्धा तास होऊन गेला होता. मी एवढंच विचारलं, ‘बोर्डाकडून निघालेला सिग्नल मोटरपर्यंत गेला, पण परत कुठून येईल?’ तिने बोटाने टेबलावर एक वर्तुळ काढलं, मग दुसरं, आणि थांबली. काळी जंपर वायर घेऊन तिने बॅटरीची आणि बोर्डाची ग्राउंड, म्हणजे करंट परत येण्याची बाजू, एकमेकांना जोडली. चाक वळलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती काळी वायर काढली, चाक थांबलं, पुन्हा लावली, चाक वळलं. खात्री करून घेत होती. ती मुलगी पुढची चार वर्षं क्लबमध्ये होती.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं, आणि तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मी मनात पाचपर्यंत आकडे मोजते.

फक्त मुलींचा वेगळा क्लब करावा का, हे तुम्ही विचारलंय. माझं मत: पहिली काही सत्रं वेगळी चालतील, कायमचं वेगळं नको. यावर जाणकारांत एकमत नाही, आणि तुमच्याकडची परिस्थिती तुम्हालाच ठाऊक. गुलाबी किट मात्र आणू नका. काम तेच, रंग गुलाबी, यातून मुलींना एवढंच कळतं की हे खरं नाही, त्यांच्यासाठी वेगळं केलेलं आहे.

नोटिशीची भाषा मात्र आजच बदला. तुमच्या नोटिशीत ‘हुशार, चुणचुणीत विद्यार्थ्यांसाठी’ असं लिहिलंय. २०१७ मध्ये ‘सायन्स’ मासिकात बियान, लेस्ली आणि सिम्पियन यांचा अभ्यास आला. पाच वर्षांच्या मुलींना आपल्यासारख्याच कुणी ‘खूप खूप हुशार’ असतात असं मुलांइतकंच वाटतं, सहाव्या वर्षापासून ते कमी होतं. पुढे त्यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना दोन खेळ सांगितले. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हटलेल्या खेळात मुलींचा रस मुलांपेक्षा कमी, ‘खूप प्रयत्न करणाऱ्यांसाठी’ म्हटलेल्या खेळात तसा फरक नाही. आमच्या नोटिशीत आता एवढंच असतं: ‘काहीतरी उघडून, जोडून, बिघडवून पाहायचंय? या.’

काही किरकोळ गोष्टी. सेफ्टी गॉगल लहान मापाचे घ्या. मोठ्यांचे गॉगल नाकावरून घसरतात, एक हात गॉगल सावरण्यात अडकतो आणि मुलगी सोल्डरिंगपासून लांब राहते, तिला भीती वाटते असं आपण समजतो. वस्तू मनात फिरवून बघणं ज्यांना जड जातं त्यांना कागदावर ठोकळे वेगवेगळ्या बाजूंनी काढायला द्या. हे कौशल्य सरावाने येतं. शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेने अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात १९९३ पासून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला याचा छोटा अभ्यासक्रम घेतला आणि तो केलेल्या मुली इंजिनिअरिंगमध्ये जास्त टिकल्या. आणि क्लब संपायची वेळ घरी जाण्याच्या सोयीशी जुळवा. आमच्या दोन मुली निव्वळ अंधार पडतो म्हणून यायच्या थांबल्या होत्या, अर्धा तास आधी सुरू केल्यावर परत आल्या.

मागच्या महिन्यातले, कुणाला उभं न करता काढलेले फोटो काढून बसा. प्रत्येक फोटोत अवजार कुणाच्या हातात आहे आणि वही कुणाच्या, एवढंच मोजा. आकडे इथे टाका, मग त्या उरलेल्या चौघींच्या जोड्या कशा लावायच्या ते बघू.