एकोणतीस सांगितलं की ३९ का लिहितो?

ताई, तुमचा मुलगा पहिलीत आहे, शंभरपर्यंत धाडधाड म्हणतो, पण 'एकोणतीस लिही' म्हटलं की ३९ लिहितो आणि त्रेसष्टचे ३६ करतो. आजोबांना वाटतं, पाढे पाठ नाहीत म्हणून असं होतंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं पहिली-दुसरीच शिकवली. पोराचं डोकं ठीक आहे. जे कानावर पडतं तेच तो लिहितोय.

एकोणतीस म्हटलं की शेवटी 'तीस' ऐकू येतं, म्हणून त्यानं ३ लिहिला. 'एकोण' आलं की नऊ लिहायचा, हे त्यानं बहुतेक स्वतःच हेरलंय. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतात, साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, वीस आणि एक, त्यामुळे तिथल्या मुलांना हा गुंता सोडवावाच लागत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मला तेव्हाही त्यात वावगं वाटलं नाही. वाणी त्रेसष्टच म्हणणार, ते यायलाच हवं. पण घरी काही दिवस 'त्रेसष्ट, म्हणजे साठ नि तीन' असं जोडीनं म्हणा.

आधी एक बघून घ्या. सात चिंचोके मोजायला द्या. मोजून झाले की विचारा, 'किती झाले?' तो पुन्हा एकपासून मोजायला लागला, तर शेवटी म्हटलेला आकडा हा सगळ्यांचा मिळून असतो, हे अजून बसलेलं नाही. मग दोन आकडी संख्या बाजूला ठेवा आणि दहाच्या आतच खेळा. सापशिडीचा फासा त्यासाठी उत्तम, ठिपके न मोजता ओळखायची सवय लागते.

तिथे अडत नसेल तर वही आठवडाभर बंद. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. म्हणजे त्यानंच बांधायच्या, तयार जुडी हातात देऊ नका; दहा मोजून रबर लावताना जे कळतं ते चित्र बघून कळत नाही. मग तीन जुड्या मांडा आणि म्हणा, 'तीस झाले. आता मला एकच काडी दे.' सुटी काडी नाहीच! तो गोंधळेल, गोंधळू द्या. शेवटी एक जुडी सोडेल, एक काडी तुम्हाला देईल आणि समोर दोन जुड्या, नऊ सुट्या उरतील. तेव्हा सांगा, हे एकोणतीस, तीसला एक उणा. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हे झाल्यावर एकोणचाळीस, एकोणपन्नास स्वतःच करून दाखवले आणि थेट 'एकोणशंभर'पर्यंत पोचली. नव्याण्णव म्हणतात हे सांगताना मलाच जीवावर आलं.

जुडी सोडणं नीट मुरलं की दुसरीत वजाबाकीत दशक सुटा करताना वेगळं काही शिकवावं लागत नाही. बेरजेत हातचा येतो तेव्हाही तेच, फक्त उलट, दहा सुट्यांची जुडी बांधायची. आठ अधिक पाचला 'आठ मनात, पाच बोटांवर' एवढंच पुरे. बोटं वापरली म्हणून रागावू नका.

३ आणि ६ उलटे काढतो, त्याची काळजी आत्ता नको. ते एकमेकांचे आरशातले आकडे आहेत, ३६ मध्ये पाठ फिरवून बसतात, ६३ मध्ये समोरासमोर. त्याला हे दाखवा, हसेल.

आणि आजोबांना पाढे म्हणून घेऊ द्या. संध्याकाळी नातवाला मांडीवर घेऊन बे एके बे म्हणण्यात वाईट काही नाही. फक्त बे चोकला थांबून दोन-दोन चिंचोक्यांचे चार ढीग मांडायला लावा, म्हणजे आठ कुठून आले ते दिसेल.