स्प्रिंट सुरू करतेयस ना? मग विल्मा समजून घे

अगं, अमेरिकन धावपटू विल्मा रूडॉल्फचं पोस्टर लावलंस ते छानच. पण पोलिओ झालेली, पायाला कॅलिपर लावणारी मुलगी १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकते, एवढ्यावरच थांबू नकोस. आपल्या कामाचं त्याच्या पुढे आहे.

टेनेसी स्टेट विद्यापीठातले तिचे कोच एड टेंपल सरावाला जितकी मिनिटं उशीर तितक्या जादा फेऱ्या मारायला लावत. विल्मा एकदा अर्धा तास उशिरा उठली आणि तीस फेऱ्या मारून बसली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधीच हजर! (आपल्याकडे पाच फेऱ्यांतच कुरकुर सुरू होते.)

रोमची ४×१०० रिले फायनल मिळाली तर जरूर बघ. बार्बरा जोन्सकडून बॅटन घेताना गडबड झाली, आघाडी गेली, तरी विल्माने शेवटच्या टप्प्यात जर्मनीला गाठून मागे टाकलं. तेव्हा वेगाइतकाच वेळ बॅटनला दे. हात मागे स्थिर ठेवायचा, मान वळवायची नाही.

आणि घड्याळातल्या नुसत्या सेकंदांवर जाऊ नकोस. १०० मीटरमध्ये तिने ११.० सेकंद दिले, पण पाठीमागून येणारा वारा मर्यादेपेक्षा जास्त होता, म्हणून विक्रम धरला नाही. पदक मात्र तिचंच.

मला स्वतःला तिची सर्वात मोठी शर्यत तिच्या गावातली, क्लार्क्सव्हिलमधली वाटते. स्वागताची मिरवणूक गोऱ्या-काळ्यांची वेगवेगळी असेल तर मी येणार नाही, असं तिने ठणकावलं. गावातला तो पहिलाच एकत्र सोहळा ठरला. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती.