‘ह’चे बारा कसे वाजले

प्रश्न आला आहे: ‘पाहिजे’ला ‘पायजे’, ‘राहिला’ला ‘रायला’ म्हणणं हा उच्चारदोष का?

नाही. पण ‘हल्ली जिभा आळशी झाल्यात’ हे ऐकून माझे कान किटलेत. असं म्हणणारे गृहस्थ स्वतः ‘बारा’ वाजता जेवतात. मूळ शब्द द्वादश, प्राकृतात बारह. हिंदीनं तो ह निदान लिहिण्यात तरी राखला, आपण केव्हाच सोडला.

खरी गंमत त्या ‘दश’मध्ये आहे. एकटा होता तेव्हा त्याचा झाला ‘दहा’: श मऊ होऊन ह, पण द जागचा हलला नाही. द्वादश, त्रयोदश यांत तोच द दोन स्वरांच्या कचाट्यात सापडला आणि त्याचा र झाला: बारा, तेरा. चतुर्दशमध्ये मात्र त्याच्या मागे र् उभा होता. प्राकृतात ‘चउद्दह’ झालं, द्द अशी जोडी जमली आणि द वाचला: चौदा! षोडशमधल्या एकट्या ड चा ळ झाला, सोळा. पाठ्यपुस्तकं ‘मुखसुख’, म्हणजे तोंडाची सोय, म्हणून मोकळी होतात. सुखच हवं होतं तर चौदातला द का ठेवला? आळसाला जागेची एवढी जाण असते?

प्राकृताचा जुना व्याकरणकार वररुची, त्याचं सूत्र आहे ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’: स्वरांमध्ये सापडलेल्या क, ग, च, ज, त, द, प, य, व यांचा बहुतेक वेळा (‘प्रायो’) लोप होतो. ‘प्रायो’ प्रामाणिक आहे, ‘लोप’ मला खटकतो. जणू वर्ण रात्रीत पळाला. नंतरचा व्याकरणकार हेमचंद्रही लोपच सांगतो, पण पुढे ‘अवर्णो यश्रुतिः’ जोडतो, म्हणजे रिकाम्या जागी हलका य ऐकू येतो. नगर, नयर, आणि आपलं संगमनेर-अमळनेरातलं नेर. ही उतरण आहे, कडा नव्हे.

उतरण मोजताही येते. आवाजाचं चित्र पडद्यावर दाखवणारं ‘प्रात’ हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. ठणठणीत द ला जीभ दातामागे टेकून हवा कोंडते, म्हणून पडद्यावर जवळजवळ कोरी पट्टी आणि हवा सुटतानाची उभी रेघ दिसते. द सैलावला की रेघ जाते, पट्टी करडी होते. अभ्यासक पट्टीची लांबी मिलिसेकंदात मोजतात आणि शेजारच्या स्वरापेक्षा आवाज किती डेसिबल खाली गेला ते बघतात. फरक जितका कमी, तितकं व्यंजन दुबळं. स्पॅनिशवर असं काम पुष्कळ झालंय. तिथे ‘कान्सादो’चं (दमलेला) बोलताना ‘कान्साओ’ होतं. मी मावशीचा आवाज मोजला. कागदावरून ‘पाहिजे’ वाचताना आ आणि इ यांच्यामध्ये लाट क्षणभर बारीक झाली. दूधवाल्याला ‘अर्धा लिटर पायजे’ सांगताना मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर आकडे बाजारात झिजले, हाताळलेल्या नाण्यांसारखे. दिवसभर तोंडात असलेला शब्द आधी झिजतो. ‘दशमी’ पंचांगात बसली म्हणून शाबूत राहिली. (ती संस्कृतातून पुन्हा उचललेली आहे, असं एक स्नेही दर वेळी ऐकवतात. असेल.)

हां, ‘पायजे’. खुशाल म्हणा. लिहिताना ‘पाहिजे’ लिहा. आणि कुणी ‘दहा’ला ‘धा’ म्हणालं तर नीट ऐका: तिथे ह गेलेला नाही, मागे सरकून द मध्ये शिरलाय.