पॉवर बँक कुठे ठेवू?

प्रश्न : परदेशातल्या भावासाठी नवा लॅपटॉप आणि दोन पॉवर बँक नेतेय. सगळं चेक-इन बॅगेत टाकू का? कस्टमला काय सांगू?

उत्तर : पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये अजिबात नको. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये लगेच विझवता येतं; खाली सामानाच्या कप्प्यात कुणाचा हात पोचत नाही. पॉवर बँकेवरची बारीक अक्षरं वाचा. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप, Wh) सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. नुसते एमएएच (mAh, क्षमतेचं दुसरं माप) छापलेत? २०,००० एमएएच असतील तर २०,००० गुणिले ३.७ (बॅटरीचे व्होल्ट), भागिले १०००, म्हणजे ७४ वॉट-अवर.

लॅपटॉप भावाला देणार आहात ना, मग ‘माझाच आहे’ म्हणू नका. खोकं फेकल्याने वस्तू जुनी होत नाही. बिल हाताशी ठेवा, आणि त्या देशाच्या करमुक्त सवलतीपेक्षा किंमत जास्त असेल तर सरळ लाल मार्गाने, म्हणजे कस्टमला वस्तू जाहीर करायच्या रांगेतून जा.

तुमचा स्वतःचा महागडा कॅमेरा सोबत असेल तर निघतानाच कस्टमकडे सिरियल नंबर नोंदवून दाखला घ्या, म्हणजे परतताना तो परदेशात घेतलेला समजणार नाहीत. मागे परतताना मी माझा तसा घडी पडलेला दाखला दाखवला आणि दोन मिनिटांत बाहेर पडले.